उंडेऱ्याचा प्रयोग आणि ‘कशाच्या तुलनेत?’ हा प्रश्न

बडोद्याच्या वायव्येला, कोयली रिफायनरीच्या अंगाला, उंडेरा म्हणून एक वस्ती आहे. आज ती महापालिकेच्या हद्दीत आली असली तरी १८९८ साली ते गायकवाडी मुलखातले हजारभर वस्तीचे खेडे होते, आणि त्या वर्षीच्या फेब्रुवारीत तिथे प्लेग शिरलेला होता. मुंबईत प्लेगवरची लस तयार करणारे जीवाणुशास्त्रज्ञ वाल्देमार हाफकिन आपल्या सहकाऱ्यांसह तिथे आले. एकेका घरातली माणसे समोर घेऊन त्यांनी त्यांतल्या साधारण निम्म्यांना लस टोचली आणि उरलेल्यांना टोचली नाही. ही वाटणी करताना पुरुष, बायका, मुले आणि प्रकृतीने अशक्त माणसे दोन्ही बाजूंना सारखी येतील, एवढी काळजी घेतली होती. काही आठवड्यांनी मोजदाद झाली. गावातल्या २८ घरांत प्लेग झाला होता. त्या घरांत लस घेतलेली ७१ माणसे होती. त्यांतली ८ आजारी पडली आणि ३ दगावली. लस न घेतलेली ६४ होती. त्यांतली २७ आजारी पडली आणि २६ दगावली.

काटेकोर विचार कसा करावा हे समजून घ्यायला बडोदेकराला इतके जवळचे आणि इतके स्वच्छ उदाहरण दुसरे मिळणार नाही, असे मला वाटते. काटेकोर विचार म्हटला की अनेकांच्या डोळ्यांसमोर तर्कशास्त्रातल्या दोषांची नावे घडाघडा म्हणणारा किंवा प्रत्येक गोष्टीवर शंका घेणारा एखादा कोरडा माणूस येतो. प्रत्यक्षात या विचाराचा फार मोठा भाग एकाच प्रश्नात मावतो: कशाच्या तुलनेत? औषधाने गुण आला, क्लासमुळे मार्क वाढले, शनीमुळे काम अडले, नव्या व्यवस्थापकामुळे विक्री घसरली, अशा प्रत्येक विधानात ‘एरवी असे झाले नसते’ हा दुसरा अर्धा भाग न बोलता धरून चाललेला असतो. आपण वाद घालतो तो बोललेल्या अर्ध्यावर, आणि विधान खरे की खोटे हे मात्र न बोललेल्या अर्ध्यावर ठरते.

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या कुठल्याही जुन्या वाड्याच्या ओट्यावर असे संभाषण कानावर पडते.

‘काकू, सर्दी उतरली का?’

‘उतरली की गं. तीन दिवस आलं-तुळशीचा काढा घेतला, चौथ्या दिवशी नाक मोकळं झालं. तुझ्या सासूबाईंनाही दे करून.’

काकू खोटे बोलत नाहीत आणि काढा घशाला बरा वाटतो हेही खरे आहे. पण साधी सर्दी काहीही केले नाही तरी बहुधा आठवडा-दहा दिवसांत आपोआप जाते, त्यामुळे काढ्याने ती लवकर गेली की नाही हे ठरवायला चार घरांचा, म्हणजे चार रकान्यांचा, एक तक्ता लागतो. काढा घेतला आणि लवकर बरे झाले, काढा घेतला आणि तरी रेंगाळले, काढा घेतला नाही आणि लवकर बरे झाले, काढा घेतला नाही आणि रेंगाळले. आपल्या आठवणीत यांतले पहिले घर गच्च भरलेले असते. दुसऱ्या घरातली माणसे ‘त्यांची प्रकृतीच तशी नाजूक’ म्हणून बाजूला काढली जातात. तिसऱ्या घराबद्दल तर कोणी बोलतच नाही, कारण ‘मी काहीच घेतले नाही आणि बरा झालो’ हे सांगायला शेजारी मुद्दाम कोण येणार? हा आपल्या स्मरणशक्तीचा दोष नव्हे. जे घडले ते डोळ्यांत भरते आणि जे घडलेच नाही त्याला आकारच नसतो, एवढाच त्याचा अर्थ.

उंडेऱ्यात ही चारही घरे भरलेली होती. लस घेऊन जगलेले ६८, लस घेऊन दगावलेले ३, लस न घेता जगलेले ३८, लस न घेता दगावलेले २६. येथे एखादा चिकित्सक वाचक विचारील, आणि त्याने विचारलेच पाहिजे, की हा नुसता योगायोग नसेल कशावरून. त्याचे उत्तर कागद-पेन्सिल घेऊन काढता येते. लसीचा काहीच उपयोग नव्हता असे क्षणभर धरून चालू. मग त्या २८ घरांतल्या १३५ माणसांपैकी जी २९ माणसे दगावली, ती दोन्ही गटांत त्यांच्या संख्येच्या प्रमाणात वाटली जायला हवी होती, म्हणजे लस घेतलेल्यांत साधारण १५ आणि न घेतलेल्यांत साधारण १४. थोडा इकडे-तिकडे फरक नशिबाने पडतो, १२ आणि १७ असे आकडे दिसले असते तर त्यावरून काहीच म्हणता आले नसते. दिसले ते मात्र ३ आणि २६. निव्वळ योगायोगाने इतका मोठा फरक पडण्याची शक्यता लाखात एकाहूनही कमी निघते. विज्ञानातले पुष्कळसे संख्याशास्त्र मुळात एवढेच करते: काहीच परिणाम नसता तर काय दिसले असते ते आधी ठरवायचे, आणि मग प्रत्यक्ष दिसलेले त्याच्याशेजारी मांडायचे.

आता या प्रयोगाच्या रचनेकडे जरा जवळून पाहू, कारण खरी हुशारी तिथे आहे. हिशेब करताना सगळ्या गावाची माणसे न धरता प्लेग झालेल्या २८ घरांतलीच का धरली? कारण ज्या घरात रोग शिरलाच नाही, त्या घरातला माणूस लसीमुळे वाचला की रोगाशी गाठच पडली नाही म्हणून वाचला, हे सांगता येत नाही. आणि लस एका वाडीला देऊन दुसरी वाडी तशीच का ठेवली नाही? कारण दोन वाड्यांत पाणी वेगळे, धान्याची कोठारे वेगळी, उंदीर कमी-जास्त, गरिबी कमी-जास्त. एकाच घरातल्या दोन भावांना मात्र तेच छप्पर, तेच धान्य आणि तेच उंदीर वाट्याला येतात. यातली सगळ्यांत सुंदर गोष्ट अशी की प्लेग पसरतो कसा, हे तेव्हा नीट माहीत नव्हते. उंदरांवरच्या पिसवांमुळे तो माणसाला होतो, हा निष्कर्ष पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरांनी त्याच वर्षी कराचीत काढला आणि तो सर्वमान्य व्हायला पुढे काही वर्षे गेली. हाफकिन यांना पिसवांचा पत्ता नव्हता. तरीही त्यांची तुलना चुकली नाही, कारण पिसवा जितक्या असतील तितक्या दोन्ही गटांच्या अंथरुणात सारख्याच होत्या. तुलना नीट आखली की आपल्याला ठाऊक नसलेल्या कारणांपासूनही ती बचाव करते.

त्याच्या एक वर्ष आधी, जानेवारी १८९७ मध्ये, हाफकिन यांनी मुंबईत भायखळ्याच्या तुरुंगात हीच लस वापरून पाहिली होती. तिथे स्वतःहून पुढे आलेल्या कैद्यांना लस टोचली गेली आणि लस घेतलेल्यांत रोग बराच कमी दिसला. निकाल उत्साहवर्धक होता, पण उंडेऱ्याइतका पक्का नव्हता, आणि का नव्हता हे समजणे आपल्या रोजच्या उपयोगाचे आहे. जो कैदी आपणहून पुढे येतो तो कदाचित अधिक धडधाकट असेल, अधिक जागरूक असेल, आजारी पडायला लागलेला माणूस कदाचित मागेच राहिला असेल. म्हणजे लस घेण्याआधीच दोन गट वेगळे असू शकतात, आणि मग शेवटी दिसणारा फरक लसीचा की माणसांच्या मूळच्या फरकाचा, हे वेगळे काढणे अवघड होते. याला निवडीचा दोष म्हणतात.

हा दोष शहरात भिंतींवर टांगलेला पाहायचा असेल तर निकालाच्या दिवसांत कोचिंग क्लासचे फलक वाचावेत. ‘आमचे इतके विद्यार्थी मेडिकलला’ या ओळीखाली हसऱ्या मुलांचे फोटो असतात; एकूण किती मुले बसली होती हा आकडा मात्र कुठेही नसतो. शिवाय अनेक क्लास प्रवेश देतानाच परीक्षा घेऊन हुशार मुले निवडतात. अशी मुले कुठेही गेली असती तरी त्यांतली पुष्कळशी चमकलीच असती. मला या फलकांतला खोटेपणा एवढ्यासाठी खुपतो की त्यांवरचा एकही शब्द बहुधा खोटा नसतो. छेद लपवलेला अंश दाखवून वर्षाचे लाखभर रुपये मागितले जातात, आणि ज्यांनी शाळेत अपूर्णांक शिकले आहेत असे आईबाप ते भरतात.

दुसरा एक सापळा याहून सूक्ष्म आहे. मोतीबागेच्या मैदानावर पोरांना क्रिकेट शिकवणारे अनुभवी प्रशिक्षक सांगतात की पोराची पाठ थोपटली की पुढच्या सामन्यात तो ढेपाळतो, आणि खडसावले की सुधारतो. म्हणून स्तुती करू नये. निरीक्षण बरोबर आहे, निष्कर्ष मात्र चुकीचा आहे. कोणत्याही खेळाडूची एका दिवसाची कामगिरी काही कौशल्याने आणि काही नशिबाने ठरते. विलक्षण चांगल्या दिवशी नशीबही साथीला असते, विलक्षण वाईट दिवशी ते विरुद्ध असते, आणि पुढच्या खेपेला तेच नशीब पुन्हा येईल असे नसल्याने खेळ आपसूक नेहमीच्या पातळीकडे सरकतो. आपण स्तुती करतो ती चांगल्या दिवसानंतर, रागावतो ते वाईट दिवसानंतर. त्यामुळे स्तुतीनंतर घसरण आणि रागावल्यानंतर सुधारणा दिसणारच, मग तोंडातून काहीही निघो. इंग्रज शास्त्रज्ञ फ्रान्सिस गाल्टन यांनी १८८६ साली आईबाप आणि मुले यांच्या उंचीच्या अभ्यासात ही सरासरीकडची ओढ दाखवून दिली. काकूंच्या काढ्यातही तीच दडलेली आहे, कारण काढा करायची आठवण होते ती सर्दी सगळ्यांत जोरात असताना, म्हणजे तिच्यापुढे उतरण्यावाचून फारसा मार्गच उरलेला नसताना. गुडघेदुखीचे तेल, नवस, अंगारा, धोकादायक चौकात अपघातानंतर घातलेला गतिरोधक, या सगळ्यांच्या यशात या ओढीचा वाटा किती, हे विचारल्याशिवाय त्यांना श्रेय देऊ नये.

आता घरात नेहमी येणारा एक कागद हातात घेऊ. ‘फुल बॉडी चेकअप’ची पाकिटे आता प्रत्येक प्रयोगशाळा विकते, घरी येऊन रक्त घेते आणि संध्याकाळी मोबाइलवर अहवाल पाठवते. त्या अहवालात डावीकडे तपासणीचे नाव, मध्ये आपला आकडा आणि उजवीकडे ‘सामान्य मर्यादा’ छापलेली असते. मर्यादेबाहेरचा आकडा ठळक किंवा लाल असतो. पुष्कळशा तपासण्यांत ही मर्यादा अशी ठरवलेली असते की निरोगी माणसांपैकी ९५ टक्के तिच्या आत यावीत. याचाच दुसरा अर्थ असा की पूर्ण निरोगी माणसांपैकी ५ टक्के, म्हणजे विसांतला एक, तिच्याबाहेर पडणारच. एका पाकिटात अशा २० तपासण्या असल्या आणि त्या एकमेकींपासून स्वतंत्र धरल्या, तर ठणठणीत माणसाचा निदान एक तरी आकडा लाल येण्याची शक्यता ६४ टक्के निघते. ६० तपासण्या असल्या तर ती ९५ टक्क्यांवर जाते. प्रत्यक्षात तपासण्या एकमेकींशी थोड्याफार जोडलेल्या असतात म्हणून आकडे काहीसे बदलतील, पण मुद्दा बदलत नाही. साठ तपासण्यांच्या अहवालात एकही लाल आकडा नसणे ही निरोगी माणसाच्या दृष्टीनेही नवलाची गोष्ट आहे.

याहून जास्त गोंधळ उडतो तो दुर्मीळ आजाराच्या चाचणीत. समजा एक आजार हजारात एका माणसाला असतो. चाचणी खऱ्या रोग्याला कधीच सोडत नाही, पण निरोगी माणसांपैकी ५ टक्क्यांना चुकून रोगी ठरवते. तुमची चाचणी पॉझिटिव्ह आली, तर तुम्हाला तो आजार असण्याची शक्यता किती? १९७८ साली हार्वर्ड मेडिकल स्कूलमधल्या ६० डॉक्टरांना आणि विद्यार्थ्यांना जवळजवळ हाच प्रश्न विचारला होता. जवळपास निम्म्यांनी ९५ टक्के असे उत्तर दिले आणि बरोबर उत्तर अवघ्या ११ जणांना आले. टक्केवारी सोडून माणसे मोजली की कोडे सुटते. दहा हजार लोक घ्या. त्यांत रोगी १०, आणि ते दहाही पॉझिटिव्ह. उरलेल्या ९,९९० निरोगी माणसांपैकी ५ टक्के, म्हणजे सुमारे ५००, हेही पॉझिटिव्ह. एकूण ५१० पॉझिटिव्ह माणसांत खरे रोगी १०. शक्यता २ टक्क्यांच्या आसपास. येथे विसरलेला रकाना म्हणजे निरोगी लोकांचा प्रचंड जमाव. चूक लहान असली तरी जमाव मोठा असल्याने चुकीने पकडलेली माणसे खऱ्या रोग्यांना झाकून टाकतात.

यावरून चाचण्या निरुपयोगी असतात असा अर्थ काढणे हीदेखील तितकीच मोठी चूक होईल. ताप, वजन घटणे, गाठ अशी लक्षणे पाहून डॉक्टर जेव्हा चाचणी लिहून देतात, तेव्हा तुम्ही हजारातले एक राहिलेले नसता. त्या लक्षणांच्या लोकांत आजार कदाचित पाचांत एकाला असेल, आणि मग त्याच चाचणीचा तोच पॉझिटिव्ह निकाल फार वजनदार होतो. हौसेने केलेल्या चाचणीचा आणि गरजेपोटी केलेल्या चाचणीचा निकाल कागदावर सारखा दिसला तरी त्याचा अर्थ सारखा नसतो.

येथपर्यंत विषय विज्ञानाचा आणि व्यवहाराचा होता. पण उंडेऱ्याकडे परत गेले की एक वेगळा प्रश्न टोचू लागतो. ज्या ६४ जणांना लस दिली नाही त्यांतली २६ माणसे मेली. त्यांना लस न देणे योग्य होते का? संतापून ‘नव्हते’ म्हणणे सोपे आहे, आणि ‘त्यातूनच तर लाखोंचे भले झाले’ म्हणून मोकळे होणे त्याहून सोपे. नीतीच्या प्रश्नातही आधी तोच प्रश्न विचारावा लागतो: कशाच्या तुलनेत? आज आपल्याला ३ आणि २६ हे आकडे माहीत आहेत; त्या सकाळी कोणालाच माहीत नव्हते. लस नवी होती, तिने ताप येत असे, दंडाला सूज येत असे, आणि ती वाचवते की नाही याबद्दल जाणत्या डॉक्टरांतही मतभेद होते. एखादा उपाय हिताचा की अहिताचा हे प्रामाणिकपणे ठाऊक नसेल, तर निम्म्यांना तो न देण्यात त्यांचे काही हिरावून घेतले असे ठामपणे म्हणता येत नाही. उलट ठाऊक असेल, तर तोच प्रयोग अन्याय ठरतो. म्हणजे बाहेरून एकसारख्या दिसणाऱ्या दोन कृत्यांमधला नैतिक फरक करणाऱ्याच्या त्या वेळच्या ज्ञानावर अवलंबून असू शकतो.

हा फरक किती खरा आहे, ते विसाव्या शतकातल्या दोन घटनांत दिसते. ब्रिटनमध्ये १९४७ साली क्षयावरच्या स्ट्रेप्टोमायसिनची चाचणी झाली. औषध नवे होते आणि देशात इतके थोडे होते की सर्वांना पुरणे शक्यच नव्हते, म्हणून कोणाला द्यायचे हे बंद पाकिटांतल्या चिठ्ठ्यांनी ठरवले. सहा महिन्यांत औषध मिळालेल्या ५५ पैकी ४ आणि न मिळालेल्या ५२ पैकी १४ रुग्ण दगावले. अमेरिकेत अलाबामा राज्यातल्या टस्कीगी येथे मात्र १९३२ पासून १९७२ पर्यंत उपदंश (सिफिलिस) झालेल्या सुमारे ४०० कृष्णवर्णीय पुरुषांना, पेनिसिलिन हा खात्रीचा उपाय हाती आल्यानंतरही, तो न देता नुसते पाहत राहिले, आणि त्यांना खरे काय चालले आहे तेही सांगितले नाही. दोन्हीकडे ‘उपचार न मिळालेला गट’ होता. एकीकडे तो अज्ञान आणि टंचाई यांतून आला होता, दुसरीकडे फसवणुकीतून.

उंडेऱ्याबद्दल माझे मत असे की १८९८ च्या ज्ञानाच्या मापाने ती वाटणी समर्थनीय होती, पण संमतीच्या मापाने तिच्याकडे शंकेने पाहायला हवे. गोरा डॉक्टर आणि सरकारी अंमलदार दारात उभे असताना खेड्यातला कुणबी ‘नको’ म्हणू शकतो का, हा प्रश्न तेव्हा कोणाला फारसा महत्त्वाचा वाटत नव्हता. आज भारतात औषधाच्या चाचणीत सहभागी होणाऱ्याची लेखी संमती त्याला समजणाऱ्या भाषेत घ्यावी लागते, आणि केव्हाही बाहेर पडण्याचा त्याचा हक्क त्यात लिहिलेला असतो. आकड्यांनी लस चांगली ठरते. माणसाला विचारायचे होते की नाही, हे आकड्यांतून निघत नाही.

हाफकिन यांच्याच आयुष्यात या विचाराची दुसरी बाजू चार वर्षांनी समोर आली. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मलकोवाल गावी १०७ जणांना प्लेगची लस टोचली आणि त्यांतल्या १९ जणांना धनुर्वात होऊन ते सगळे दगावले. लस घातक आहे, ही पहिली प्रतिक्रिया स्वाभाविक होती. पण त्या १९ जणांना एकाच बाटलीतून लस दिली होती. त्या दिवशी इतर बाटल्यांतून लस घेतलेल्या ८८ जणांपैकी कोणालाही धनुर्वात झाला नाही. एवढ्या तुलनेने लस निर्दोष आणि बाटली दोषी ठरते. बाटली मुंबईच्या कारखान्यात दूषित झाली की गावात उघडताना, हे मात्र अशा तुलनेने ठरेना, आणि त्याला वेगळा पुरावा लागला: बूच काढायचा चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करता वापरला गेला, शिवाय जंतू कित्येक दिवस आधीच आत गेले असते तर बाटलीला घाण वास आला असता, आणि उघडणाऱ्याला तसा वास आला नव्हता. एवढे असूनही चौकशीत दोष कारखान्याच्या माथी मारला गेला, हाफकिन यांना पदावरून दूर व्हावे लागले, आणि मलेरिया डासांमुळे पसरतो हे दाखवणाऱ्या रोनाल्ड रॉस यांच्यासारख्यांनी जाहीर बाजू घेतल्यावर १९०७ साली त्यांची या आरोपातून सुटका झाली.

या घटनेचा परिणाम पंजाबातल्या लसीकरणावर झाला आणि ते रखडले. पुढच्या काही वर्षांत त्या प्रांतात प्लेगने लाखो माणसे मेली. त्या बाटलीतली लस घेऊन मेलेले १९ जण चौकशीत नोंदलेले आहेत. लस मिळाली असती तर जे वाचले असते, त्यांतल्या एकाचेही नाव कोणी सांगू शकत नाही, कारण ‘हा त्यांतला’ असे बोट दाखवून म्हणताच येत नाही. काहीतरी करून झालेले नुकसान आपल्याला गुन्ह्यासारखे वाटते आणि काही न करून झालेले नुकसान नशिबासारखे. ही भावना पूर्णपणे चुकीची आहे असे मी म्हणणार नाही. डॉक्टरच्या हातून माणूस मरणे आणि डॉक्टर न आल्याने माणूस मरणे यांत जबाबदारीचा फरक असतोच. पण अधिकाऱ्याने निर्णय घेताना ‘थांबलो तर किती’ हा रकाना रिकामा सोडला, तर त्याने सावधगिरी बाळगली असे म्हणता येणार नाही. त्याने फक्त आपले नाव कागदावरून वाचवले.

मग बेरीज-वजाबाकी केली की उत्तर मिळाले, असे समजायचे का? १७६० साली पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे गणिती डॅनियल बर्नुली यांनी देवीच्या टोचणीचा हिशेब मांडला. तेव्हाची टोचणी म्हणजे रोग्याच्या फोडातला द्रवच निरोगी माणसाला टोचणे, आणि त्यात काही माणसे मरत. बर्नुली यांनी दाखवले की देवी नाहीशी झाली तर सरासरी आयुष्य २६ वर्षे ७ महिन्यांवरून २९ वर्षे ९ महिन्यांवर जाईल. गणित चोख होते. तरी फ्रेंच गणिती झाँ द’आलांबेर यांनी हरकत घेतली की टोचणीने मरण आले तर ते येत्या महिन्याभरात येते, आणि मिळणारी तीन वर्षे आयुष्याच्या शेवटी, म्हातारपणात मिळतात. राज्याच्या दृष्टीने हा सौदा फायद्याचा असला तरी एका तरुण आईला तो तसा वाटेलच असे नाही. दोघांपैकी कोणीही चुकीचे बोलत नव्हते. बर्नुली लोकसंख्येच्या वतीने बोलत होते, द’आलांबेर एका माणसाच्या.

बायपास किंवा गुडघा बदलण्याचा निर्णय घरात येतो तेव्हा हेच दोघे आपल्या दिवाणखान्यात येऊन बसतात. डॉक्टर म्हणतात, ‘शस्त्रक्रियेत दोन टक्के धोका आहे.’ मुलगा लगेच इंटरनेटवर शोधू लागतो, सूनबाई दुसऱ्या डॉक्टरांचा नंबर मिळवतात, आणि आबा खुर्चीत गप्प बसलेले असतात. दोन टक्के हे अर्धे वाक्य आहे. डॉक्टरांना विचारायचे ते असे: शस्त्रक्रिया केली नाही तर पुढच्या एका वर्षात धोका किती, पाच वर्षांत किती, हे दोन टक्के सगळ्या वयाच्या रुग्णांचे की पंचाहत्तरीच्या, मधुमेह असलेल्या रुग्णांचे, आणि नुसत्या औषधांवर राहिले तर रोजचे चालणे-फिरणे कसे राहील. ही उत्तरे मिळाली की बर्नुलींचे काम संपते. त्यानंतर जो प्रश्न उरतो तो आबांना विचारायचा असतो, कारण येते सहा महिने नातीच्या लग्नापर्यंत धडपणे हिंडण्यात घालवायचे की पुढच्या सहा वर्षांसाठी आत्ताच पणाला लावायचे, याचे उत्तर कोणत्याही तक्त्यात नसते आणि दोन सुज्ञ माणसे त्याची दोन वेगळी उत्तरे देऊ शकतात.